परसातील कोंबड्या आणि मानमोडी

शेतकऱ्याच्या परसात दहा-वीस कोंबड्या असणे ही गोष्ट इतकी नित्याची आहे की, त्यांचा जमाखर्च मांडण्याचे कोणाच्या मनात येत नाही. गाय व्याली की दिवस लक्षात राहतो, बैल विकला की कागद होतो. कोंबडी आली काय आणि गेली काय, घरच्या बायकांखेरीज कोणास त्याचे सोयरसुतक नसते. माझी सारी नोकरी महसूल खात्यात लेखणी चालविण्यात गेली. ती खोड निवृत्तीनंतरही सुटेना, म्हणून घरच्या कोंबड्यांची एक वही घातली. त्या वहीने जे शिकविले तेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम लाभाची बाजू. गावठी कोंबडी वर्षाकाठी साठाच्या आसपास अंडी देते. वनराजा, गिरिराज ह्या सुधारलेल्या जाती त्याच्या दुपटीच्या घरात जातात. परंतु त्या क्वचितच खुडूक होतात. अर्थात घरच्या घरी पिले काढावयाची असल्यास गावठी कोंबडीवाचून गत्यंतर नाही. तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवावीत, आणि ती आठवड्याहून जुनी नसावीत. सातव्या रात्री अंडे विजेरीपुढे धरले असता कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसतात. ज्यात त्या दिसत नाहीत ते अंडे खुशाल काढून टाकावे. एकविसाव्या दिवशी पिले निघतात. त्याच्या आदल्या दिवशी खुराड्याशी कान लावून बसावे. कवचाच्या आतून बारीक चिवचिव ऐकू येते, आणि वर बसलेली कोंबडी तिला हलक्या आवाजात उत्तर देते. हा प्रकार मी अनेकदा ऐकला. तरी प्रत्येक खेपेस हातातले काम टाकून पुन्हा तेथे जातो. निघालेल्या पिलाच्या पोटात बलकाचा अंश शिल्लक असतो, त्यामुळे पहिला दिवस त्यास दाण्याची गरज नसते. कोंबडीस उठविण्याची घाई करू नये.

अंड्यांचे पैसे हे बहुतेक घरांत गृहिणीचे स्वतःचे पैसे होत. ते सोसायटीच्या हप्त्यात जात नाहीत, की खताच्या बिलातही जात नाहीत. मुलीची वही, औषधाची बाटली, माहेरी जाण्याचे भाडे त्यांतून निघते. कोंबड्यांच्या नुकसानीकडे पुरुषमंडळींचे दुर्लक्ष होते त्याचे कारणही हेच असावे असे मला वाटते.

आता हानीची बाजू. पहिल्या तीन वर्षांच्या नोंदीत घार, मुंगूस आणि शेजारचा बोका ह्यांचीच नावे पुनःपुन्हा येतात. घारीची सावली पडताच कोंबडी एक विशिष्ट आवाज काढते आणि पिले पंखाखाली दडतात; मुंगूस आले तर तिचा आवाज निराळा असतो. इतके करूनही दहा पिलांतून चार-पाच हाती लागली तर आम्ही समाधान मानीत असू. खुराड्यास बारीक जाळी मारली, दार जमिनीपासून उंच केले, तेव्हा रात्रीचे नुकसान बरेच थांबले. ह्या शत्रूंविषयी अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही; ते सर्वांस दिसतात.

जो दिसत नाही तो चौथ्या वर्षी आला. २०१९ च्या मे महिन्यात आठवडी बाजारातून मी एक देखणा कोंबडा आणला आणि त्याच सायंकाळी तो इतरांत सोडला. सहाव्या दिवशी दोन तलंगा पंख पाडून बसल्या. हिरवट-पांढरी पातळ हगवण, चोच उघडून श्वास घेणे, आणि पुढे मान पिरगळून पाठीकडे वळणे : हीच मानमोडी. आमच्याकडे ३१ पक्षी होते. त्यांपैकी धडधाकट दिसणारे तीन मी घाईने एका फिरत्या व्यापाऱ्यास निम्म्या भावात देऊन टाकले. उरलेल्या २८ पैकी २६ आठ दिवसांत मेले. पंधरवड्याने पलीकडच्या वाडीतील खुराडी रिकामी झाली. रोग तेथे माझ्याच कोंबड्यांनी नेला असे सिद्ध करता येणार नाही, पण नेला नाही असेही मला म्हणवत नाही. विक्रीची ती नोंद वहीत तशीच आहे.

सरकारी दप्तरात ह्या रोगास राणीखेत म्हणतात. १९२६ साली तो जावा बेटात व इंग्लंडातील न्यूकॅसल येथे ओळखला गेला आणि पुढच्याच वर्षी कुमाऊँतील राणीखेत येथे आढळला. त्याच कुमाऊँतील मुक्तेश्वर येथे १९४० च्या दशकात त्यावरील लस सिद्ध झाली. रोग जडल्यावर त्यास औषध नाही; जो उपाय करावयाचा तो आधीच. पिलू पाच-सात दिवसांचे असता लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात घालावा. आठव्या आठवड्यात आर-दोन-बी ही लस टोचावी. त्याहून लहान पिलांस ती टोचू नये. पुढची टोचणी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरवावी. विकत आणलेला पक्षी निदान तीन आठवडे वेगळा ठेवावा. मेलेले पक्षी ओढ्यात न टाकता चुना घालून खोल पुरावेत. एकाएकी पुष्कळ पक्षी मेले तर पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे; कारण २००६ साली नवापूर येथे आढळलेला बर्ड फ्ल्यू हाही अशाच मरीने प्रकट होतो, व त्याची बाधा माणसासही होऊ शकते.

अडचण निराळीच आहे. लशीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची असते आणि एकदा कालविली म्हणजे दोन तासांत संपवावी लागते. बारा कोंबड्यांचा धनी ती फोडण्यास धजत नाही, आणि म्हणून कोणीच टोचीत नाही. आमच्या वाडीत आता नऊ घरे मिळून एक कुपी आणतात. ती थर्मासात बर्फ घालून येते. टोचणी उन्हाळा तापण्यापूर्वी, फाल्गुनात, सकाळी लवकर उरकतो. आदल्या रात्रीच प्रत्येक घराने आपल्या कोंबड्या डालग्याखाली झाकून ठेवावयाच्या असतात. पहिल्या वर्षी हे सांगावयाचे राहिले, आणि दोन तासांतील एक तास पोरे कोंबड्यांमागे धावण्यात गेला.