दाराशेजारचे दिखाऊ खांब

लंडन किंवा अमेरिकेतल्या जुन्या घरांच्या फोटोत दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीला चिकटलेले चपटे खांब दिसतात ना, ते पिलास्टर. भार ते सहसा पेलत नाहीत. काम एकच, दाराला रुबाब आणायचा!

माझी आवडती दारं मॅसॅच्युसेट्समधल्या डिअरफील्डची. १८व्या शतकाच्या मध्यात कनेटिकट नदीच्या खोऱ्यातल्या सुतारांनी दगडी इमारतींचा थाट चक्क लाकडात उतरवला. खाली चौकोनी बैठक, खांबावर उभ्या पन्हळी, वर कोरीव माथा आणि काही दारांवर नागमोडी वळत येऊन मधोमध तुटलेलं शिखर. शेतकरी वस्तीत एवढा डौल! पुढे १७९७ मध्ये शेजारच्याच ग्रीनफील्डमध्ये ॲशर बेंजामिन या वास्तुकाराचं इमारतींच्या नमुन्यांचं पुस्तक छापलं गेलं आणि खांबांची प्रमाणं गावोगावच्या सुतारांच्या हाती आली.

लंडनमध्ये मात्र १७७४ च्या कायद्याने आगीच्या भीतीपोटी बाहेरच्या लाकडी सजावटीवर बंधनं घातली. बेडफर्ड स्क्वेअरच्या दारांभोवती दिसतो तो कोड स्टोन, म्हणजे भट्टीत भाजलेला कृत्रिम दगड.

आता हेच खांब पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेनमध्ये तयार मिळतात. लाकडी खांब आधी बुडाशी कुजतो, कारण लाकडाचा कापलेला टोकाचा भाग पाणी भराभर शोषतो. पीव्हीसी कुजत नाही, पण उन्हात फुगतं. त्यामुळे बसवताना जोडाशी थोडी फट ठेवून ती लवचीक सीलंटने भरायची. आणि अरुंद दाराला भलते जाड खांब लावू नका, फार वाईट दिसतं!