वेगाला दिशा असते

श्रोतेहो, चाल आणि वेग हे शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो. पदार्थविज्ञानात मात्र भेद आहे. चाल नुसतं ‘किती’ ते सांगते. वेग ‘किती’ आणि ‘कोणीकडे’, हे दोन्ही सांगतो. म्हणून वेग ही सदिश राशी.

आता असं पाहा. नदीचं पात्र २०० मीटर रुंद आहे. संथ पाण्यात होडी मिनिटाला ५० मीटर जाते. प्रवाह मिनिटाला ३० मीटर वाहतो. होडीचं तोंड समोरच्या घाटाकडे सरळ धरलं, तर एकंदर वेग ८० होईल का? नाही. दोन्ही वेग काटकोनात आहेत. त्यांची बेरीज कर्णाएवढी, म्हणजे सुमारे ५८. होडी ४ मिनिटांत पैलतीर गाठील खरी, पण घाटाच्या १२० मीटर खाली. तिथं खडक असले तर?

म्हणून जाणता नावाडी तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला धरतो. ५० च्या वेगातले ३० प्रवाहाशी झुंजण्यात जातात आणि पलीकडे जायला उरतात ४०. २० नव्हेत बरं का! ३०, ४०, ५० हा काटकोन त्रिकोणच आहे. एक मिनिट जास्त लागतं, पण होडी नेमकी घाटाला लागते.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, आधी प्रत्येक वेगाचा बाण काढा. मगच आकड्यांना हात घाला.