पाड्याला भाव आला, पण वळू उरेल का?

गेल्या वैशाखात खेड तालुक्यातल्या आमच्या वाडीत गुरांचा एक व्यापारी आला. आमच्या गोठ्यातल्या पाड्यावर त्याची नजर होती. पाडा म्हणजे घाटावर ज्याला खोंड म्हणतात तो. दोन दाती, गावठी, तांबूस रंगाचा, अंगाने बसका पण चपळ. व्यापाऱ्याने 25 हजार देऊ केले. पाच-सहा वर्षांपूर्वी अशा पाड्याला कोणी 8 हजारही दिले नसते. घरात आनंद झाला. पावसाच्या आत कौले परतायची होती, ती सोय होणार होती. तेवढ्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, "भाऊ, हा गेला तर आमच्या गायी कुठे न्यायच्या?" त्या प्रश्नाने मी थांबलो.

गुरांचे भाव वाढले, असे आपण सारखे ऐकतो. पण तो भाव कशाचा, हे समजून घेतले पाहिजे. आपल्याकडे गुरांच्या बाजारात उघड बोली क्वचितच लागते. पिढ्यान् पिढ्या सौदा रुमालाखाली होत आला. घेणारा आणि विकणारा कापडाखाली हात धरतात, बोटे दाबून आकडा सांगतात. बाजूला उभ्या असलेल्या माणसाला काही कळत नाही. आज तोंडी सौदेही होतात, तरी खरा भाव दोघांतच राहतो. बाहेर येतो तो एखाद्या गाजलेल्या बैलाचा लाखांतला आकडा. तो ऐकून प्रत्येक गोठ्यातली अपेक्षा वाढते.

भाव चढण्याचे पहिले कारण शर्यती. सर्वोच्च न्यायालयाने मे 2014 मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. पुढे 16 डिसेंबर 2021 रोजी महाराष्ट्राला अटींवर परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. घाटावर खिलार खोंडांची मागणी एकदम वाढली. आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्यात चिखलातल्या नांगरणी स्पर्धा होतात. त्यांत घाटी आणि गावठी असे दोन गट असतात. गावठी जोडीलाही बक्षीस असल्यामुळे चपळ पाड्याच्या शोधात माणसे वाड्या-वाड्यांतून फिरू लागली.

दुसरे कारण, नर जनावरेच कमी झाली. 2012 च्या पशुगणनेत देशात गोवंशातील नर सुमारे 6 कोटी 79 लाख होते. 2019 मध्ये ते 4 कोटी 74 लाखांवर आले. त्याच काळात गायी मात्र 18 टक्क्यांनी वाढल्या. ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर आले, जोत मोडले. त्यात 2015 मध्ये राज्यातला हत्याबंदीचा कायदा बैलांनाही लागू झाला. म्हातारा बैल विकून नव्या बैलाच्या किमतीत भर घालायची जुनी सोय राहिली नाही. मग पाडा वाढवायचा कोणी आणि कशासाठी? वाढवणारे घटले, म्हणून जो वाढलेला आहे त्याला भाव आला.

आता मुख्य गोष्ट. हा भाव पायांचा आहे, वंशाचा नाही. घाटावर नावाजलेल्या खोंडाकडे निदान गायी तरी आणतात. आपल्याकडे विकत नेलेला पाडा बहुधा खच्ची करून नांगराला जुंपतात. म्हणजे वाडीतला सर्वांत चांगला नर जास्त पैसे मिळाले म्हणून पैदाशीतून बाद होतो आणि मागे उरतात ते कमी प्रतीचे.

बाहेर उलटा हिशेब चालतो. ब्राझीलमध्ये 2023 साली व्हियाटिना-19 नावाच्या नेलोर गायीचा एक तृतीयांश हिस्सा लिलावात विकला गेला. त्यावरून पूर्ण गायीची किंमत 40 लाख डॉलरहून जास्त ठरली. ती किंमत तिच्या पोटी पुढे होणाऱ्या वंशाची होती. गंमत म्हणजे नेलोर जातीचे मूळ आपल्या आंध्रातले, ओंगोल गुरांचे.

आपल्या गावठी गुरांना 2018 मध्ये नाव मिळाले. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने 'कोकण कपिला' ही स्वतंत्र जात म्हणून त्यांची नोंद केली. दूध थोडे, पण धो धो पाऊस, दमट उकाडा, डोंगर-कातळावरची चराई आणि नुसता पेंढा यांवर ही गाय तग धरते. मात्र जात कागदावर नोंदवून वंश टिकत नाही. त्यासाठी वाडीत वळू लागतो.

कृत्रिम रेतन आहे, असे कोणी म्हणेल. ते उपयोगी आहेच. पण दिवसभर रानात चरणाऱ्या गायीचा माज वेळेवर ध्यानात येत नाही, आला तरी डॉक्टर त्याच दिवशी पोचतील असे नाही. शिवाय लहान अंगाच्या गायीला मोठ्या विदेशी जातीचे रेतन दिले, तर वासरू मोठे होऊन गाय विताना अडू शकते.

म्हणून पाडा विकण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. त्याच्या आईचे दूध किती आणि ती नेमाने विते का? वाडीत दुसरा चांगला नर आहे का? आणि घेणारा तो पैदाशीसाठी नेतो की खच्ची करायला? वळू ठेवला, तरी एकच वळू वर्षानुवर्षे ठेवू नये. तीनेक वर्षांत त्याच्याच पाड्या माजावर येतात आणि रक्त जवळ येते. तेव्हा लांबच्या गावाशी अदलाबदल करावी.

आम्ही काय केले? काकूंच्या प्रश्नावर वाडी बसली. ज्यांच्याकडे गायी आहेत त्यांनी घरटी पेंढ्याचे भारे द्यायचे ठरले, आणि पाडा आमच्याच गोठ्यात राहिला. 25 हजार हातचे गेले आणि कौले उसनवारीवर परतली, हे लपवत नाही. एका घराने हा तोटा सोसावा, ही अपेक्षा बरोबरही नाही. वळूचा फायदा साऱ्या वाडीला होतो, तर त्याचा खर्चही साऱ्या वाडीने उचलायला हवा. यंदा गोठ्यांतून त्याची चार वासरे आहेत. त्यांतली एक काकूंची.