लॅम्बडाच्या आधीचं सिडनी

मार्च २०१४ मध्ये जावा ८ आलं आणि लॅम्बडा मिळाला, म्हणजे क्लासशिवाय नुसतं फंक्शन हाती देण्याची सोय. त्याला दशक उलटून गेलं. आता पोरं एका फंक्शनच्या हाती दुसरं फंक्शन बिनदिक्कत सोपवतात, तेही बऱ्याचदा यंत्राकडून लिहून घेतलेलं. परवाच रिव्ह्यूला आलेल्या कोडात आत दिलेलं फंक्शन बाहेरची यादी बदलत होतं, आणि तेसुद्धा पॅरलल स्ट्रीममध्ये! का, म्हणून विचारलं, तर म्हणे टेस्ट पास होतायत.

जुना इतिहास पटकन उरकतो. १९६० च्या आसपास लिस्प आणि अल्गोलमध्ये फंक्शन आर्ग्युमेंट म्हणून देता येत होतं. सीमध्ये क्यूसॉर्टला तुलनेच्या फंक्शनचा पॉइंटर दिला की काम झालं. मला बोलायचंय ते २००४ ते २०१४ या वर्षांबद्दल.

पुण्या-मुंबईहून आलेले आम्ही जावावाले सिडनीच्या पॅरामाटा-वेस्टमीडला राहायचो आणि ट्रेनने शहरातल्या बँकांत कॉन्ट्रॅक्टवर जायचो. ग्राहकांची यादी आडनावाप्रमाणे लावायची, तर सांगायचं इतकंच की दोघांत आधी कोण. पण त्यासाठी कंपेरेटरचा निनावी क्लास, त्यात मेथड, मग कंसांची रांग. लाटणं मागितलं तर अख्खं स्वयंपाकघर उचलून पाठवायचं! बाहेरचं व्हेरिएबल आत हवं असेल तर ते फायनल पाहिजे. म्हणून एका घराचा अ‍ॅरे करून त्यात किंमत दडवायची. ही लबाडी सगळेच करायचे, सांगायचं मात्र कुणी नाही.

सी-शार्पवाल्यांना लॅम्बडा २००७ मध्येच मिळाला होता. फंक्शन हाती देण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या सोयीला, डेलिगेट्सना, जावा बनवणाऱ्या सनने नव्वदच्या दशकातच नाक मुरडलं होतं: इनर क्लास असताना हे कशाला? त्या उत्तराचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पुढे जावात क्लोजर आणण्याच्या प्रस्तावांवरून भांडणं झाली, २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतलं, आणि आम्ही कंस मोजत राहिलो. एक मान्य करतो: लॅम्बडा आला तो एकाच मेथडच्या जुन्या इंटरफेसमध्ये अलगद बसला, त्यामुळे आमचं जुनं कोड मोडलं नाही.

चीड याची, की त्याच शहरात, केन्सिंग्टनला, न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मॅन्युएल चक्रवर्ती आणि गॅब्रिएले केलर पहिल्या वर्षाच्या मुलांना हास्केल ही फंक्शनल भाषा शिकवून मोकळे झाले होते. बँकेतल्या सीनियरला जे परग्रहावरचं वाटायचं, ते तिथली अठरा वर्षांची पोरं गृहपाठात करत होती. निक्टा या संशोधन संस्थेत तर सेलफोर या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलचा नमुना आधी हास्केलमध्ये लिहिला गेला. तो आयसाबेल या सिद्धता तपासणाऱ्या प्रणालीत उतरवून, हाताने लिहिलेलं सी त्याच्याशी जुळतं हे २००९ मध्ये गणिताने सिद्ध केलं. सीच्या ओळी सुमारे ८,७००, पुराव्याच्या दोन लाखांच्या घरात. हास्केलमध्ये दिलेलं फंक्शन गुपचूप बाहेरची यादी बदलत नाही. बदलायची तर टाइपमध्ये तसं कबूल करावं लागतं. ही शिस्त आमच्या बँकांपर्यंत पोचलीच नाही.

जावाला लॅम्बडा मिळाला त्याच्या दोनच महिन्यांनी, मे २०१४ च्या अर्थसंकल्पात, कॅनबेराने निक्टाचा निधी २०१६ नंतर बंद करायचं ठरवलं. निक्टा सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत विरली, नाव झालं डेटा६१. २०२१ मध्ये सीएसआयआरओने सेलफोरच्या गटालाच सोडलं, कारण आता भर कृत्रिम बुद्धिमत्तेवर द्यायचा होता. गेर्नोट हायझर यांचा हा गट पुन्हा विद्यापीठाच्या आसऱ्याला गेला.