मुरबाड–शहापुरात देश कसा पोहोचला

अमेरिकेचे प्रजासत्ताक नवे होते, तेव्हा व्हर्जिनियातला माणूस 'माझा देश' म्हणाला की त्याच्या मनात व्हर्जिनियाच असे. १७७६ चा जाहीरनामा आधी निघाला, स्वतःला अमेरिकन समजणारी माणसे सावकाश तयार झाली. ४ जुलैचे समारंभ, टपालाने स्वस्तात घरोघर जाणारी वर्तमानपत्रे, १८१२ चे इंग्रजांशी युद्ध, १८२५ चा ईरी कालवा यांतून ती ओळख मुरली. लाखो गुलाम मात्र तिच्या बाहेरच राहिले.

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत अशी ओळख रुजवायला वर्तमानपत्राचा मार्ग फारसा उपयोगाचा नव्हता. कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, कुणबी, आगरी अशा या वस्तीत वाचता येणारे थोडेच. तरीही १९४३ साली इथल्याच डोंगरात दोन माणसे देशासाठी मेली आणि गावोगाव त्यांची नावे झाली.

आधी आले ते सरकार

बाहेरचे जग या भागाला नवे नव्हते. मुरबाडच्या नाणेघाटातून सातवाहनांच्या काळात कल्याण–जुन्नर व्यापार चाले. राणी नागनिकेचा शिलालेख आजही तिथल्या लेण्यात आहे. शहापूरच्या माहुली किल्ल्यावर १६३६ साली शहाजीराजांना शरणागती पत्करावी लागली. पण राज्ये बदलली तरी पाड्यावरच्या माणसाचे रोजचे जगणे फारसे बदलत नसे. ते बदलले इंग्रजांच्या काळात.

आगगाडी १८५५ मध्ये वाशिंदला, १८६० मध्ये आसनगावला आणि १८६१ मध्ये कसाऱ्याला आली. लाकूड, गवत, भात मुंबईकडे जाऊ लागले आणि सावकाराचा हातही लांबला. मुरबाडला तर आजही रेल्वे नाही. सावकारशाहीविरुद्ध डोंगरात उठलेल्या राघोजी भांगरे यांना आगगाडी येण्याआधीच, २ मे १८४८ रोजी, ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली होती. त्या बंडाला राष्ट्रवाद म्हणणे मला ओढूनताणून वाटते; पण सरकार आणि सावकार एकमेकांना धरून आहेत, ही समज तिथे पक्की झाली.

राब आणि मोह

इथल्या भाताचे रोप राबावर होते. उन्हाळ्यात ऐन-किंजळीच्या फांद्या, पातेरा, गवत, शेण जमिनीवर पसरायचे, वर माती टाकायची आणि जाळायचे. पाऊस पडला की त्या भाजलेल्या तुकड्यावर बी फेकायचे. म्हणजे रान नाही तर राब नाही आणि राब नाही तर भात नाही. १८७८ च्या वनकायद्याने रान राखीव होऊ लागले, तेव्हा फांदी तोडणारा शेतकरी गुन्हेगार ठरू लागला. ठाणे-कुलाब्यातून इतकी ओरड झाली की सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. पाठोपाठ १८९२ च्या कायद्याने याच दोन जिल्ह्यांत मोहाची फुले गोळा करण्यावर आणि साठवण्यावर बंधने आली.

पुढे काँग्रेसचा कार्यकर्ता 'परके सरकार' म्हणाला, तेव्हा त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही. तो अर्थ जंगलखात्याच्या शिपायाच्या रूपाने रोज दारात येत होता.

कोतवालांचा आझाद दस्ता

विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल मूळचे माथेरानचे. १ डिसेंबर १९१२ चा जन्म, नाभिक कुटुंब, शिक्षणाने वकील. माथेरान नगरपालिकेचे ते उपाध्यक्षही झाले. त्यांनी आसपासच्या वाड्यांत स्वयंसेवी शाळा काढल्या आणि सावकाराच्या दारात जावे लागू नये म्हणून धान्यकोठार उभारले. माझ्या मते पुढचे सारे याच कामावर उभे आहे. ज्याने पावसाळ्यात घरात भात पोहोचवला, तो रात्री डोंगरात चला म्हणाला तर माणसे निघतात.

ऑगस्ट १९४२ च्या 'चले जाव'नंतर ते भूमिगत झाले आणि आझाद दस्ता हा त्यांचा गट उभा राहिला. लक्ष्य नेमके होते: घाटाखालच्या वीजकेंद्रांतून मुंबईकडे जाणाऱ्या तारा. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात दस्त्याने अकरा मनोरे पाडले. गिरण्या आणि रेल्वे त्या विजेवर चालत. सरकारने कोतवालांवर अडीच हजारांचे बक्षीस लावले. दस्त्यात मानिवलीचे हिराजी गोमाजी पाटील होते, शेतकऱ्यांची आणि आदिवासींची मुले होती.

मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या जंगलात २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे पोलिसांनी त्यांना गाठले. हिराजी पाटील गोळीबारात पडले. जखमी कोतवालांना हॉल या पोलीस अधिकाऱ्याने गोळी घातली. दरवर्षी त्या दिवशी पहाटे सिद्धगडावर लोक जमतात. शालेय पुस्तकातल्या दूरच्या पुढाऱ्यांपेक्षा या तालुक्यांना देश जवळचा वाटला तो या दोघांमुळे.

टिटवाळ्याची दुसरी वाट

याच पट्ट्यात आणखी एक प्रवाह होता आणि तो 'चले जाव'पासून अलग राहिला. कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालच्या किसान सभेची परिषद जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला भरली. तिथे आलेल्या वारली आदिवासींनी वेठीबद्दल आणि लग्नाच्या कर्जापायी राबणाऱ्या लग्नगड्यांच्या गुलामीबद्दल उघड बोलायला सुरुवात केली. किसान सभेचे गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत तलासरी-उंबरगावकडे गेले आणि त्याच वर्षी वारल्यांचा उठाव झाला. इंग्रज जाण्याआधी जमीनदाराची वेठ गेली पाहिजे, हा किसान सभेचा क्रम होता. शेतात फुकट राबणाऱ्याला तो चुकीचा का वाटावा?

नागरिक झाल्यावर

संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाडची काही गावे आज राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालच्या अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने कसत्या वनजमिनीवर दावा मांडता येऊ लागला. नागरिकत्वाचा खरा व्यवहार आता या दाव्यांच्या फायलींत चालतो.

पाण्याचा हिशेब मात्र बाकी आहे. शहापूरचे तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी देते, पुढे भातसाही आले. तालुक्यातल्या अनेक पाड्यांवर मे महिन्यात टँकरची वाट पाहिली जाते आणि त्यासाठी मोर्चे निघतात. ते मागणी करतात ती आपल्याच सरकारकडे.