न झिजलेली कड

सुरुवातीच्या मायफर्ड एमएल-७ या लहान इंग्रजी लेथच्या बेडवर एक कड अशी आहे, की यंत्र पन्नास वर्षे रोज चालले तरी तिला सॅडल, म्हणजे टूल धरून बेडवर सरकणारा भाग, टेकलेले नसते. बेडच्या मागच्या पट्टीची ही मागची बाजू. तिथे कीस साचतो, तेल ओघळते, वर काळपट थर बसतो. तो थर रॉकेलने पुसून काढला, की खाली कारखान्यातून बाहेर पडतानाचे सरळ बीड जसेच्या तसे हाती लागते. जुना लेथ पुन्हा अचूक करणाऱ्याला सर्वांत मोठा आधार याच कडेचा असतो. दुरुस्तीला बसलेली बहुतेक माणसे यंत्राची झीज शोधतात. माझ्या मते आधी शोधायचे ते यंत्र कुठे झिजलेले नाही ते.

सेसिल मूर यांनी १९३४ मध्ये नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टन येथे मायफर्ड कंपनी सुरू केली. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, एमएल-७ आला. सेंटरची उंची साडेतीन इंच, सहा वेग, घरातल्या सिंगल फेजवर चालणारी मोटर आणि परसातल्या शेडमध्ये सहज मावेल असा आटोपशीर बांधा. त्याला गिऱ्हाईक तयार होतेच. पर्सिव्हल मार्शल यांचे 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक १८९८ पासून निघत होते, आणि ते वाचणारे कारकून, शिक्षक, रेल्वे कामगार संध्याकाळी शेडमध्ये वाफेची छोटी इंजिने घडवत होते. आज हे लेथ मूळ मालकांच्या वारसांकडून विकायला निघतात. बीस्टनचा कारखाना २०११ मध्ये बंद झाला. नाव आणि सुटे भाग दुसऱ्या कंपनीकडे गेले.

असा लेथ घरी आला, की पहिला मोह होतो तो सगळा खोलून रंगवून काढण्याचा. तो आवरला पाहिजे. खोलण्याआधी लेथ जसा आहे तसा भक्कम स्टँडवर बसवून चालवून पाहावा, कारण ज्याला लोक झीज म्हणतात तो पुष्कळदा बेडला पडलेला पीळ असतो. चार बोल्टांपैकी एकाखाली फट राहिली आणि तो तसाच आवळला, तर लांबट, हलका बेड पिळला जातो, आणि टूल चकपासून, म्हणजे काम धरणाऱ्या पकडीपासून, दूर जाताना कामाच्या अक्षापासून हळूहळू आत किंवा बाहेर सरकते. तपासणी सोपी आहे. चकमध्ये जाड सळई धरायची, दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकचा आधार द्यायचा नाही, साधारण सहा इंचांच्या अंतरावर दोन कॉलर ठेवून मधला भाग बारीक करायचा, मग टूलची जागा न बदलता दोन्ही कॉलरवर अगदी हलका कट घ्यायचा. मायक्रोमीटरने व्यास मोजले आणि एक थाऊचा, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाचा, फरक आला, तर टूल अर्धा थाऊ सरकले आहे. टेलस्टॉककडच्या एका पायाखाली पातळ शिम घालून पुन्हा कट घ्यायचा. अनेक 'भंगार' लेथ एवढ्यावरच ताळ्यावर येतात.

सफाईबद्दल थोडेच सांगतो. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासून धूळ उडवू नये. रंग काढायचे रसायन लावून ओल्यानेच खरवडावा. बेडवर एमरी पेपर चालवू नये. त्याचे कण बिडाच्या सूक्ष्म छिद्रांत रुतून बसतात आणि पुढची कित्येक वर्षे सॅडल खात राहतात. सॅडलच्या टोकांना असलेले फेल्टचे वायपर धुऊन परत बसवू नयेत, नवे घालावेत.

आता खऱ्या झिजेकडे. बेड सगळीकडे सारखा झिजत नाही. बहुतेक कामे आखूड असतात, त्यामुळे चकजवळच्या आखूड पट्ट्यात सॅडल हजारो वेळा फिरते आणि टेलस्टॉककडचा भाग जवळपास नवाच राहतो. पण किती झीज झाली यापेक्षा ती कोणत्या दिशेने झाली याला महत्त्व आहे, आणि हा हिशेब प्रत्येकाने एकदा कागदावर करून पाहावा. एक इंच व्यासाचा जॉब आहे. बेडची वरची बाजू झिजल्यामुळे टूल पाच थाऊ खाली गेले. त्याने व्यासात पडणारा फरक थाऊच्या विसाव्या भागाएवढा, म्हणजे घरच्या मायक्रोमीटरवर जेमतेम जाणवेल इतका. तेच टूल पाच थाऊ बाजूला सरकले, तर व्यास दहा थाऊने चुकतो. सरकणे तेवढेच, पण चूक दोनशे पट. बेडचा वरचा पृष्ठभाग चकाकताना पाहून माणूस हळहळतो किंवा खूश होतो, आणि जॉबचा व्यास ठरवणाऱ्या उभ्या कडेकडे त्याची नजरही जात नाही.

एमएल-७ मध्ये ही उभी कड कोणती, यातच सगळी गोम आहे. त्याच्या बेडला दोन सपाट, काटकोनी पट्ट्या आहेत. सुरुवातीच्या रचनेत सॅडलला दिशा देण्याचे काम एकट्या पुढच्या पट्टीकडे होते: तिची आतली उभी बाजू हा आधार, आणि समोरून जिब ही पातळ पट्टी दाबून ढिलेपणा काढायचा. आधार अरुंद, सॅडल त्या मानाने रुंद. म्हणून चकजवळ आतली बाजू झिजली, की सॅडल किंचित तिरपे होऊ लागते. जिब आवळून इलाज होत नाही. चकजवळ नीट बसेल इतकी आवळली, तर टेलस्टॉककडे, जिथे पट्टी मूळ रुंदीची आहे, सॅडल अडते.

मागच्या पट्टीच्या मागच्या बाजूला मात्र सॅडल कधीच टेकत नव्हते; तिथे मुद्दाम फट ठेवलेली होती. कुशल हौशी कारागिरांनी त्या फटीत सॅडलच्या अंगाला पोलादाची पातळ, समांतर पट्टी बसवली आणि सॅडलचा आधार पुढच्या पट्टीवरून थेट मागच्या कोऱ्या कडेवर नेला. झिजलेल्या आतल्या बाजूशी संबंध तोडून टाकला. आता जिब पुढून दाबते, पण दिशा ठरवते ती न झिजलेली कड. बेड घासावा लागत नाही, ग्राइंडिंगला पाठवावा लागत नाही. पुढे १९७० च्या दशकात मायफर्डनेही नव्या लेथमध्ये हाच रुंद आधार घेतला. जुन्या यंत्राच्या दुरुस्तीतली इतकी सुंदर युक्ती मला दुसरी माहीत नाही. तिच्यात यंत्राच्या अंगचा एक कणही वाया जात नाही.

बाकीच्या पृष्ठभागांसाठी हाताने स्क्रेपिंग करण्याला पर्याय नाही. सरफेस प्लेटवर, म्हणजे अचूक सपाट प्लेटवर, निळ्या रंगाचा अगदी पातळ थर द्यायचा, भाग त्यावर हलकेच फिरवायचा, जिथे निळे ठिपके उमटतील ते उंचवटे स्क्रेपरने खरवडायचे. पुन्हा निळा रंग, पुन्हा खरवडणे. दर फेरीत धातू निघतो तो थाऊच्या अंशाने. शेवटी ठिपके सगळीकडे सारखे पसरतात आणि त्यांच्या मधल्या उथळ खळग्यांत वंगण टिकून राहते.

पण सरफेस प्लेट तरी सपाट कशावरून? इंग्रज इंजिनिअर जोसेफ व्हिटवर्थ तरुणपणी लंडनमध्ये हेन्री मॉड्स्ली यांच्या कारखान्यात काम करत होते. सपाट पृष्ठभाग कसा मिळवावा यावर त्यांनी १८४० मध्ये ग्लासगोला निबंध वाचला. दोन प्लेटा एकमेकींवर घासून जुळवल्या, तर एक फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट असूनही त्या तंतोतंत जुळू शकतात. तिसरी प्लेट आणली आणि तिन्ही आळीपाळीने एकमेकींशी जुळवल्या, तर तिन्ही सपाट असण्यावाचून मार्गच उरत नाही. कुठल्याही आधीच्या अचूक वस्तूशिवाय, नुसत्या बिडाच्या तीन तुकड्यांतून आणि माणसाच्या हातांतून अचूकता निर्माण होते. हे कळल्यावर स्क्रेपिंगचे काम कंटाळवाणे राहत नाही.

बेड फारच खचलेला असेल तर ग्राइंडिंग करावे लागते, आणि त्याचा परिणाम दूरपर्यंत जातो. हेडस्टॉक आणि टेलस्टॉक बेडवर बसतात, म्हणून ते सॅडलबरोबर सारखेच खाली येतात. आटे पाडताना सॅडल ओढणाऱ्या लीडस्क्रूचे ब्रॅकेट मात्र बेडच्या समोरच्या अंगाला बोल्टने धरलेले असतात. ते जागचे हलत नाहीत. सॅडल खाली आले, की त्याच्या एप्रनमधले हाफनट लीडस्क्रूच्या रेषेत राहत नाहीत आणि आटे पाडताना स्क्रू ताणला जातो. म्हणून बेड घासून आणला म्हणजे काम संपले नाही. एप्रन किंवा ब्रॅकेट यांची उंची जुळवणे त्याच कामाचा भाग आहे.

हेडस्टॉकमध्ये एमएल-७ ला व्हाइट मेटलचे दुभागलेले बेअरिंग आहेत. त्यांच्या टोप्यांखाली थरांच्या शिम असतात. स्पिंडल ढिला झाला, तर एकेक थर सोलून खेळ कमी करता येतो. दोन्ही बाजूंना सारखेच सोलायचे, घाई करायची नाही. व्हाइट मेटल मऊ असते, ते तेलाच्या थरावर जगते, आणि वरच्या काचेच्या ठिबक वंगणपात्रातून थेंब पडत नसेल तर सगळी मेहनत तासाभरात जळून जाते.

क्रॉस स्लाइडच्या हँडलला जरा ढिलेपणा असला, की नवखा माणूस घाबरतो. स्क्रूला इंचाला दहा आटे, एका फेऱ्याला शंभर थाऊ. पाच थाऊचा मोकळा फेरा ही चूक नव्हे, टूल नेहमी एकाच दिशेने कटावर आणले तर माप बरोबरच येते. नट अगदीच संपला असेल तर गनमेटलचा नवा नट त्याच लेथवर करून घ्यावा, जुना बसलेला असतानाच. लेथ आपल्या दुरुस्तीचे पुष्कळ भाग स्वतःच घडवू शकतो, हे या यंत्राचे मोठेपण आहे.

आपल्याकडे हा विषय एमएल-७ पुरता नाही. किर्लोस्करांनी १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर कंपनी काढली ती लेथसारखी यंत्रे बनवण्यासाठीच. जुने भारतीय लेथ अजून कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि भोसरीच्या लहान गाळ्यांत चालताना दिसतात. अनेक जुन्या लेथचा बेड उलट्या व्ही आकाराचा असतो. व्हीचा एक उतार जास्त झिजला, की सॅडल खाली आणि बाजूला, दोन्हीकडे सरकते. अशा बेडवर टेलस्टॉकसाठी बरेचदा आतले वेगळे मार्ग असतात. ते सॅडलच्या मार्गाइतके झिजलेले नसतात, म्हणून मोजमापाचा आधार तिथून घेता येतो. गाळा विकताना असा लेथ वजनावर भंगारात जातो, आणि स्क्रेपर धरायला शिकलेले फिटर निवृत्त होत चालले आहेत. दोन्ही गोष्टी मला अस्वस्थ करतात. त्या हातांजवळ बसून शिकून घ्यायला अजून उशीर झालेला नाही.

कुठे थांबायचे हेही आधी ठरवावे लागते. बर्लिनचे प्राध्यापक गेऑर्ग श्लेसिंगर यांनी १९२७ मध्ये यंत्रांच्या तपासणीचे पुस्तक काढले आणि लेथच्या प्रत्येक हालचालीला किती चूक चालेल याच्या मर्यादा आखून दिल्या. ज्यू असलेल्या या माणसाला १९३३ मध्ये नाझींनी तुरुंगात टाकले. पुढे ते देश सोडून अखेरीस इंग्लंडला आले. जगभरच्या कारखान्यांत लेथच्या स्वीकृतीच्या चाचण्या त्यांच्याच वाटेने गेल्या. घरच्या शेडसाठी त्यांतल्या मोजक्या पुरतात: स्पिंडलच्या नाकावर डायल गेज लावून तो सरळ फिरतो का ते पाहणे, दोन कॉलरचा कट, फेसिंग केल्यावर पृष्ठभाग मध्यभागी फुगीर नाही याची खात्री आणि टेलस्टॉकची उंची. यांची मापे वहीत उतरली, ती पुरेशी ठरली, की मग खुशाल रंगाचा डबा उघडावा. तेलाला टिकणारे एनॅमल घ्यावे, सरकणाऱ्या आणि एकमेकांवर बसणाऱ्या पृष्ठभागांवर त्याचा ओघळही जाऊ देऊ नये.