वन्य मूषकांच्या जातिसीमा आणि जनुकीय पुरावा : रायगड किनारपट्टीच्या संदर्भात

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर खाजणे, खारभूमीचे बांध, भातखाचरे, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि मनुष्यवस्ती एकमेकांना खेटून आहेत. या सर्वांत वावरणाऱ्या मूषकांना व्यवहारात ‘उंदीर’ व ‘घूस’ ही दोनच नावे पुरतात. महाविद्यालयीन प्रात्यक्षिक वहीतही ‘रॅटस रॅटस’ असे लिहिले की काम संपते. या नावाच्या आड किती जाती दडल्या आहेत, हे जनुकीय सामग्रीवरून कसे ठरवितात आणि त्या पद्धतीच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने १९११ मध्ये सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण हाती घेतले. त्यातील वर्गीकरणाचा आधार कातडे, कवटी, दात व शेपटीची लांबी हाच होता. सिंहगडावरील ‘मिलार्डिया कोंडाना’ या जातीचे १९७५ मधील मिश्रा व धांडा यांनी केलेले वर्णनही बाह्य व कवटीच्या लक्षणांवरच उभे आहे. ही पद्धत कालबाह्य झाली, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. तथापि मूषकांत बाह्यरूप वारंवार फसवे ठरते. शेतातील ‘मस बूडुगा’ व ‘मस टेरिकलर’ हे चिमुकले उंदीर दिसण्यात इतके सारखे की जाणकारही गोंधळावा. दोहोंची गुणसूत्रे ४०. परंतु बूडुगाची सर्व गुणसूत्रे अग्रकेंद्री, तर टेरिकलरचे एक्स गुणसूत्र मोठे व उपमध्यकेंद्री असते.

काळ्या उंदराचे उदाहरण अधिक बोलके आहे. जपानी संशोधक योशिदा यांनी या समूहात ४२, ४० व ३८ गुणसूत्रांचे प्रकार दाखविले. गुणसूत्रांच्या दोन जोड्या दुसऱ्या दोन जोड्यांशी जुळून ४२ ची संख्या ३८ वर येते. आज ४२ गुणसूत्रांचा आशियाई प्रकार ‘रॅटस टॅनेझुमी’ म्हणून वेगळा मानला जातो. अ‍ॅप्लिन व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तंतुकणिकांतील डीएनएवरून या समूहाच्या सहा वंशरेषा मांडल्या. त्यांपैकी जहाजांतून जगभर गेलेल्या रेषेचे मूळ भारतीय द्वीपकल्पाकडे जाते. चौलसारखे प्राचीन बंदर ज्या किनाऱ्यावर आहे, तेथील उंदरांचे नमुने म्हणूनच केवळ स्थानिक कुतूहलाचा विषय ठरत नाहीत.

जातिनिश्चितीसाठी सायटोक्रोम-बी हे जनुक बहुधा वापरले जाते. ब्रॅडली व बेकर यांनी २००१ मध्ये सुचविले की या जनुकातील फरक २ टक्क्यांहून कमी असल्यास तो सामान्यतः एकाच जातीतील, ११ टक्क्यांहून अधिक असल्यास दोन जातींचा समजावा. मधल्या टप्प्यात अधिक तपास करावा. दुर्दैवाने हा मधला टप्पाच विसरला जातो आणि टक्केवारी मोजपट्टीसारखी वापरली जाते. तंतुकणिका केवळ मातेकडून येते. पूर्वी कधी संकर झाला असेल, तर एका जातीच्या देहात दुसरीची तंतुकणिका सापडू शकते. अशा वेळी केंद्रकातील अनेक जनुकांची साक्ष घेतल्याशिवाय सीमा आखणे धोक्याचे. दुसरा दोष नमुन्यांचा. अलिबाग व चेन्नई येथीलच उंदीर तपासले तर दोन वेगळे गट दिसतील. मधल्या प्रदेशातील नमुने आल्यावर तीच दरी क्रमाक्रमाने भरून निघण्याची शक्यता असते.

हा वाद केवळ नावांचा नाही. कोकणात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण आढळतात. त्याचे जंतू मूषकांच्या मूत्रावाटे पाण्यात व चिखलात मिसळतात. ‘घूस’ या एका शब्दात ‘बँडिकोटा बेंगालेन्सिस’ व तिच्याहून मोठी ‘बँडिकोटा इंडिका’ या दोन्ही जाती सामावतात. जंतू कोणत्या जातीत सापडले, याची नोंदच संदिग्ध असेल तर नियंत्रणाची दिशाही संदिग्ध राहते.

अनुक्रमण यंत्र नसलेल्या महाविद्यालयालाही येथे काम आहे. शेतकरी पिंजऱ्यात धरून मारतात त्या उंदरांचा, हातमोजे घालून काढलेला, यकृताचा लहान तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावा. त्याच प्राण्याचे कातडे व कवटी जपून गाव, अधिवास व तारीख लिहिलेली चिठ्ठी त्यांना जोडावी. कवटी हाती नसेल, तर डीएनएच्या अनुक्रमास चिकटवलेले नाव पुढे कोणालाही पडताळता येत नाही.